काकूंचा सा

३ नोव्हेंबर १९९६, रविवार

तालमीहून आले ती तडक वही काढून बसले. भात यांनी लावलाय. करपला तर करपू दे.

आज आमच्या वाद्यवृंदात एक बासरीवाली आली. नमिता नाव. अठ्ठावीस-तिशीची असेल. नवरा रोह्याच्या एका कंपनीत इंजिनीअर, त्याची शिफ्ट ड्युटी, मूलबाळ अजून नाही, म्हणजे दिवसभर बासरी एके बासरी. पुण्याला गुरूकडे दहा वर्षं शिकलीय. दहा वर्षं! मनात म्हटलं, बाई गो, मला कुणी दहा महिने नुसतं बसून शिकू दिलं असतं तर मी वाट्यांकडून आरत्या म्हणवून घेतल्या असत्या.

माझं शिक्षण काय, तर सातवी आणि रेडिओ. हे मिठागरावर मुकादम होते तेव्हा एका व्यापाऱ्याने यांना चिनी मातीच्या वाट्यांचा खोका भेट दिला. त्या वाट्यांत आमटी कधी वाढलीच गेली नाही. रेडिओवर जलतरंग ऐकलं, उठले, वाट्या मांडल्या, पाणी घातलं आणि पळीच्या दांड्याने वाजवून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "गिरजे, भूत लागलाय काय गो तुला?" लागलंच होतं. बासष्टी झाली तरी उतरलेलं नाही.

वाद्यवृंद दिनानाथ मास्तरांनी आठ वर्षांमागे उभा केला. मास्तर रोह्याचे, शाळेतून निवृत्त, व्हायोलिन वाजवतात. तीन व्हायोलिनं, एक सतार, एक दिलरुबा, काळुरामचा तबला आणि माझं जलतरंग. दर हिवाळ्यात पाच मैफली, एक पेणला, एक रोह्याला, अशा आळीपाळीने. सिनेमातलं काही नाही, शुद्ध राग. पेटी मास्तरांना चालत नाही. म्हणतात, पेटी म्हणजे सुरांची सरकारी कचेरी, जागचा कुणी हलत नाही. म्हणून आमच्याकडे रीत अशी की मी सगळ्यांच्या आधी येते, वाट्या मांडते, पाणी घालते आणि मोठ्या वाटीवर काडी मारते. मग सगळे भोवती जमून आपापल्या तारा त्या वाटीला लावतात. त्याला नावच पडलंय, काकूंचा सा. पेटीवरच्या पांढरी तीनच्या केसभर वर. कुठल्या पुस्तकात सापडायचा नाही, पण माझ्या वाट्या तिथेच गोड बोलतात.

आज त्या नमिताने बासरी ओठाला लावली आणि माझ्या सा शी ती जुळेना. केसभर खाली.

मास्तरांनी डोळे मिटले, उघडले. म्हणाले, "काकू, बासरीची भोकं तर सरकवता येत नाहीत. तुम्ही प्रत्येक वाटीत एकेक चमचा पाणी घाला, तुम्ही उतराल. तारवाले काय, उतरतीलच."

घातलं. सोळा वाट्या, सोळा चमचे. आणि सगळे जण माझ्याभोवती जमायचे ते तिच्याभोवती जमले.

काळुराम म्हणतो, "काकूंचा सा रिटायर झाला. पेन्शन लागू."

सगळे हसले. मीही हसले. हसताना दात दिसतात, दातांमागचं कुणाला दिसतं?

भात करपला.


१७ नोव्हेंबर, रविवार

एक चमचा पाण्याने काय होतं, असं कुणीही म्हणेल. वाटी जरा जड होते. आवाजाची शेपटी आखूड होते. आधी टण्ण करून खाडीपल्याड जायचा तो आता अंगणात थांबतो. हे मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, "ऐकणाऱ्यांना फरक कळत नाही हो." मला कळतो, मी ऐकणाऱ्यांत नाही काय?

पण राग गिळला, कारण मार्च महिना. आजवर शेवटची मैफल दरवेळी रोह्याला व्हायची. यंदा पहिल्यांदा ती पेणला आहे, शाळेच्या हॉलमध्ये, आणि त्यात अर्ध्या तासाचं एकल वादन माझं. मास्तरांनी दिवाळीआधीच शब्द दिलाय. माझी माहेरची माणसं खाडीकडची. त्यांना आजवर एवढंच माहीत की आमची गिरजा रोह्याला जाऊन भांडी वाजवते. धाकटा भाऊ ट्रक करून आणणार आहे सगळ्यांना. भूप वाजवायचा ठरवलाय. पाच सुरांचा राग, पण पाच बोटांची मूठ होते तसा.


२४ नोव्हेंबर, रविवार

पहिली मैफल झाली, पेणला. गर्दी बरी होती. नमिताने सात मिनिटं एकटीने वाजवलं तर लोकांनी तिला आणखी वाजवायला लावलं. माझ्यानंतर टाळ्या पडल्या, तिच्यानंतर आधी शांतता पडली आणि मग टाळ्या. त्या शांततेनेच माझं डोकं फिरलं. टाळ्या काय, खुर्च्यांवर बसून बसून आखडले की लोक वाजवतात.

मैफलीनंतर ती माझ्याकडे आली, वाकून नमस्कार केला. म्हणाली, "काकू, तुम्ही द्रुतमध्ये काड्या फिरवता ना, तेव्हा मला बासरी टाकून नुसतं बघत बसावंसं वाटतं."

गोड बोलते. पुण्याचीच ती.


२२ डिसेंबर, रविवार

रोह्याहून परतताना गाडीत एक शब्द बोलले नाही. काळुराम कासूला उतरताना म्हणाला, "काकू, तोंड का असा मिठागरासारखा झाला?" मी म्हटलं, "उतर, गाडी सुटंल." त्याला माझं दुःख काय ठाऊक. तबल्याला हातोडी मारली की कुठल्याही सुरात जातो, तबला आणि काळुराम सारखेच.

झालं असं. मैफल संपल्यावर मास्तरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "काकू, मार्चला पेणला मुंबईहूनही थोडे जाणकार येणार आहेत. शेवटचं एकल नमिताला द्यावं असं मनात आहे. तुमचं पुढच्या वर्षी नक्की. तुमची हरकत नाही ना?"

आता "तुमची हरकत नाही ना" असं विचारल्यावर हरकत आहे असं म्हणणारी बाई मला दाखवा. लग्नात, बारशात, वाटण्यांच्या वेळी, सगळीकडे मला हेच विचारलंय. मी म्हटलं, "माझी कसली हरकत? पोर गुणी हाय."

आणि मास्तर खुशाल "मला खात्री होतीच" म्हणाले.

जिला वाकता येतं तिलाच वाकवतात. बासरीला भोकं हलवता येत नाहीत, म्हणजे तिचा मान. मला पाणी घालता येतं, म्हणजे मी उतरायचं. पुढच्या वर्षी मी त्रेसष्टची. भाऊ आत्ताच दम्याने बेजार असतो, पुढच्या वर्षी ट्रक कोण करणार?

यांना सांगितलं. हे पान लावत होते. म्हणाले, "मग नाय म्हणायचा होता." पुरुषाला सगळं किती सोपं.


५ जानेवारी १९९७, रविवार

लिहिण्यासारखं काही नाही. तालीम झाली. ती चांगली वाजवते. चांगली म्हणजे फारच. मधुवंती वाजवला. कोमल गंधारावर ती अशी थांबली की माझ्या हातातली काडी खाली आली नाही, ताल चुकला. मास्तर माझ्याकडे बघून हसले. सगळ्यांदेखत माझा ताल चुकवला तिने.


१९ जानेवारी, रविवार

आज जे झालं ते कुणाला सांगणार नाही. वहीला सांगते.

पेणची मैफल, पाचला सुरू व्हायची. मी आणि हे साडेतीनलाच हॉलवर. भाताच्या तुसात रचलेल्या वाट्यांची टोपली यांनी डोक्यावरून आणली. वाट्या मांडल्या, प्रत्येकीच्या आत मी रंगाची बारीक रेघ मारून ठेवलीय, माझ्या जुन्या सा ची, तिथपर्यंत पाणी घातलं. वर एकेक चमचा घालायचा बाकी.

इतक्यात कळलं, रोह्याची गाडी लेट. मास्तर आदल्या दिवसापासून पेणलाच मुक्कामी होते, ते दारात पाहुण्यांना घ्यायला उभे. नमिता गाडीत अडकलेली. बाकीचे आधीच्या गाडीने आलेले. त्यांनी आपापली वाद्यं काढली आणि सवयीने माझ्याभोवती जमले. सतारवाला म्हणाला, "द्या काकू सा."

मी काडी मारली. रेघेवरचाच सा. टण्ण. काय बोलली वाटी! अडीच महिन्यांनी माझा आवाज मला ऐकू आला. सगळ्यांनी तारा चढवल्या, कुणाच्या लक्षात आलं नाही. अडीच महिन्यांची सवय कुठे आणि आठ वर्षांची कुठे.

हे मागे बसले होते. म्हणाले, "चमचा नाय घेतलास आज?"

"राहू दे," म्हटलं.

सुरू व्हायच्या आत मास्तर आत आले, घाईत. "काकू, पाणी घातलं?"

"घातलं," मी म्हटलं.

एकच शब्द. जिभेवरून मिठासारखा विरघळून गेला.

पहिला राग आमचा सगळ्यांचा झाला, तिच्याशिवाय. दुसऱ्याच्या तोंडाशी ती धापा टाकत आली, बाहेरच दोन फुंकरी मारल्या आणि येऊन बसली. राग सुरू. चार आवर्तनं आमची, मग तिने सूर लावला.

अंगावर काटा आला. ताटावर नख ओढावं तसा. सगळा वाद्यवृंद एकीकडे आणि ती केसभर खाली, एकटी. लोकांनी माना वर केल्या. पहिल्या रांगेत कुणीतरी च्च् केलं. तिने बासरी फिरवली, ओठ बाहेर काढले, फुंकर वर चढवली, कसाबसा सूर ओढून वर आणला. पण ओढून आणलेला सूर आणि पकडून आणलेला नवरदेव, दोन्ही उभे राहतात पण नांदत नाहीत. सोळा मिनिटं ती तशी ओढत राहिली. गळ्याच्या शिरा दिसत होत्या.

मास्तर व्हायोलिन वाजवता वाजवता माझ्याकडे बघत होते. त्यांना काय कळणार, त्यांची तार तर माझ्याशीच जुळलेली.

संपल्यावर ती माझ्याकडेच आली. डोळे भरलेले. "सॉरी काकू, तुमचं सगळं बिघडवलं मी. थंडीने बासरी उतरली असेल. नाहीतर माझा कानच... मला कळलंच नाही आधी."

मी म्हटलं, "व्हतं असं कधीकधी."


२० जानेवारी, सोमवार

मी काय केलं? काहीच केलं नाही. पाणी घातलं नाही, एवढंच. कुणाच्या अन्नात विष घातलं तर पाप, पाण्यात पाणी न घालणं कुठल्या पोथीत पाप लिहिलंय?

"घातलं" म्हटलं ते मात्र म्हटलं.

आज सकाळी हे अंगणात दात घासत होते. आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आगरात पाणी किती सोडायचा ते मुकादमानं ठरवायचा असतं. एकदा का कुणाच्या रागानं बांध फोडला, तर मीठ आपलाच जातो." मी विचारलं, "कुणाला सांगताव?" तर म्हणाले, "दात घासतोय."


२ फेब्रुवारी, रविवार

तालमीला नमिता आली नाही. तिने चिठ्ठी पाठवलीय: मार्चचं एकल मला जमणार नाही, क्षमा असावी.

मास्तरांनी ती सगळ्यांसमोर वाचली. घडी घालून खिशात ठेवली. मग माझ्याकडे वळले. "काकू, शेवटचं एकल तुमचं. भूप ना? अर्धा तास. झालं ना मनासारखं?"

किती साधा माणूस. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. काळुराम म्हणाला, "काकू पेन्शनीतून परत ड्युटीवर!"

भावाला पोस्टकार्ड टाकलं. ट्रक कर म्हणून.


९ फेब्रुवारी, रविवार

भूप बसत नाही. पाच सूर आहेत, पाचही माझ्या ओळखीचे, पण पाहुण्यांसारखे येतात, चहा पिऊन जातात. आवाज वाट्यांचा आहे, पुन्हा रेघेवरच आणलाय, शेपटी लांब झालीय, सगळं हवं तसं आहे. हाताला काय झालंय?

वय झालं असेल. किंवा दृष्ट लागली.


१६ फेब्रुवारी, रविवार

रोह्याची मैफल. नमिता आली, पण सगळ्यांच्या मागे बसली. मी आज चमचे मोजून घातले, सोळाच्या सोळा. तरी ती इतकी हळू वाजवत होती की असून नसल्यासारखी. पोर लपून वाजवत होती. एकदाही एकटीने सूर लावला नाही.

मला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलं. खोटं कशाला लिहू? आणि मग घरी आल्यावर वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं. गाडीत भजी खाल्ली होती म्हणून असेल.


२३ फेब्रुवारी, रविवार

आज एकटी रोह्याला जाऊन आले. यांना सांगितलं, पोह्याचे पापड द्यायला जाते. हे म्हणाले, "पापड द्यायला एवढ्या लांब? पापड भारी हाय काय?"

नमिताचं घर कंपनीच्या वसाहतीत, दुसरा मजला. दार उघडल्यावर तिला एवढा आनंद झाला की मी पिशवी पुढे धरूनच बसले, मध्ये ढाल असावी म्हणून. नवरा दिवसपाळीला. खोलीत तंबोरा उभा. चहा केला, पापड लगेच भाजले, एक मला एक तिला.

म्हणाली, "काकू, मी पहिल्यापासून सुरू केलंय. सकाळी दोन तास नुसता सा. तंबोऱ्यावर लागतो, पण मला आता खात्रीच वाटत नाही. त्या दिवशी सबंध हॉलला कळलं आणि मला नाही कळलं. ज्याला स्वतःचा बेसूर ऐकू येत नाही त्याने वाजवावं कशाला?"

मी पापड मोडत राहिले.

"मास्तर दोनदा येऊन गेले. म्हणतात, तुझा कान ठीक आहे, थोडे दिवस थांब. मी म्हटलं, मग काय बिघडलं होतं? तर सांगत नाहीत. नुसतं थांब म्हणतात."

मास्तर बिचारे, धीर द्यायला काहीतरी बोलत असणार.

मग तिने बासरी काढली. बरेच दिवस कापडात होती, ते कापड सोडायलाच वेळ लावला. "तुमचा कान सगळ्यात चांगला आहे. मी सा लावते. लागला की नाही खरं सांगाल?"

लावला. देवा रे. तो सूर असा सरळ उभा होता, जसं वारा नसताना दिव्याचं बोट. तंबोऱ्याच्या पोटात शिरला आणि वेगळा उरलाच नाही. आणि त्या क्षणीसुद्धा, हे लिहिताना मला लाज वाटते, मला पहिलं काय वाटलं असेल तर हे की हा मला का नाही.

"लागला," मी म्हटलं.

"खरं?"

"खरंच लागला गो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली, पण ते हसू पाहुण्याला दारापर्यंत सोडायचं असतं तसं. "तुम्ही मला बरं वाटावं म्हणून म्हणताय." आणि बासरी परत कापडात गुंडाळली.

मी खरं सांगितलं आणि तिने ते घेतलं नाही. कसं घेईल? त्या दिवशी "व्हतं असं कधीकधी" म्हणणारी मीच. आता मी शंभरदा लागला म्हटलं तरी ते तिच्या पदरात पडायचं नाही, जोवर दुसरी गोष्ट सांगत नाही तोवर.

ती सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "मार्चला मी ऐकायला येणार हं, पहिल्या रांगेत." आणि मला भाऊ दिसला, ट्रक दिसला, माहेरच्या बायका नऊवारी नेसून रांगेत बसलेल्या दिसल्या.

तोंड मिटलं. पाच वीसच्या गाडीने परत आले.


२ मार्च, रविवार

तालीम. काही बोलले नाही.


५ मार्च, बुधवार

भाऊ आला होता. ट्रक ठरला, एकवीस माणसं. म्हणाला, "ताई, आता दाखव सगळ्यांना." त्याला चहा दिला. साखर घालायची विसरले, तो तसाच प्यायला.

तो गेल्यावर हे म्हणाले, "तू झोपत नायस." मी म्हटलं, "उकडतं." हे म्हणाले, "व्हय. होळी जवळ आली." मग म्हणाले, "गिरजे, तुझा भूप मी चाळीस वर्षं ऐकतोय. असा वाईट तू लाटण्यानंपण वाजवला नव्हतास."


९ मार्च, रविवार

शेवटची तालीम, पेणला हॉलमध्येच. नमितालाही मास्तरांनी आग्रहाने बोलावलं होतं, सगळ्यांबरोबरच्या रागात तरी बस म्हणून. ती मागच्या रांगेत.

मी वाट्या मांडल्या. सगळे भोवती जमले. काळुराम म्हणाला, "द्या काकू सा."

काडी उचलली आणि ती खाली येईना. जसं कुणी मनगट धरलंय. सगळे तार पिळायच्या तयारीत वाकलेले. मला वाटलं, आत्ता काडी मारली तर जन्मभर मारत राहीन.

म्हटलं, "माझा सा घेऊ नका. त्या पोरीचा घ्या."

"का हो?" सतारवाला म्हणाला.

मग सांगितलं. जानेवारीत मी पाणी घातलं नव्हतं. मास्तरांनी विचारलं तेव्हा घातलं म्हणून सांगितलं. तिचा सूर बरोबर होता. आपण सगळे चुकीचे होतो, मी चुकवलं म्हणून. बोलताना मी वाट्यांकडे बघत होते, सोळाच्या सोळा तोंडं उघडी टाकून ऐकत होत्या.

काळुराम हसला, त्याला वाटलं मी चेष्टा करते. मग त्याने माझं तोंड बघितलं आणि तबल्यावरचा हात काढला. "काय म्हणता काकू..."

नमिता उभी राहिली. पांढरीफटक. म्हणाली, "पन्नास दिवस. पन्नास दिवस मला वाटतंय की माझा कान गेला. मी नवऱ्याला सांगितलं की आता बासरी देऊन टाकते कुणाला. तुम्ही घरी आलात. माझ्यासमोर बसून पापड खाल्लात!"

"व्हय," मी म्हटलं.

"का पण?"

"तुझ्यावर जळत व्हते म्हणून."

एवढं साधं उत्तर तिला अपेक्षित नसावं. ती तरातरा बाहेर निघून गेली. व्हरांड्यातल्या नळाचा आवाज आला. सगळे आपापल्या वाद्याकडे बघत बसले, जणू पहिल्यांदाच बघतात. पाचेक मिनिटांनी आत आली, तोंड धुतलेलं, पदराने पुसत. मास्तरांना म्हणाली, "मार्चचं एकल माझं. मला परत पाहिजे." माझ्याकडे बघितलंही नाही.

मास्तर माझ्याकडे वळले. यावेळी "हरकत नाही ना" म्हणाले नाहीत. "काकू, तुमचं म्हणणं?"

मी म्हटलं, "हरकत हाय, मास्तर. माझी माणसं ट्रकनं येणार हायत, आणि एकल माझाच आधी ठरला व्हता. तो तुम्ही काढून घेतलात तेव्हा मला लई लागला. पण आता तो तिचाच."

मास्तरांनी व्हायोलिन खाली ठेवलं. मग हात जोडले. मला! म्हणाले, "ते मी तेव्हाच ऐकायला हवं होतं."

निघताना त्यांनी पिशवीतून मैफलीच्या छापील पत्रिका वाटल्या. घरी येऊन चष्मा लावून बघते तर काय, एकल वादन, बासरी, नमिता. छापून तर गुरुवारीच आल्यात म्हणे! मी आज सांगणार हे छापखान्याला कुठून कळलं? यांना दाखवलं. हे म्हणाले, "छापखान्याची चूक असंल." असेलच. दैवगती म्हणतात ती ही. नाहीतर सगळ्या पत्रिका फुकट गेल्या असत्या.

यांनी पत्रिका पुन्हा एकदा वाचली आणि कितीतरी वेळ हसत होते. एवढं हसण्यासारखं काय त्यात?


१६ मार्च, रविवार

हॉल भरला होता. एकवीस नाही, सव्वीस माणसं आली ट्रकमधून, लहान पोरं वेगळी. भावाला आधीच सांगून टाकलं होतं की एकल माझं नाही. का ते पण सांगितलं. तो म्हणाला, "ताई, बाईमाणसानी भांडी वाजवली तरी भांडाण काय सुटत नाय." तरी ट्रक रद्द केला नाही.

सगळ्यांनी बासरीवर तारा लावल्या. मी सोळा चमचे घातले.

नमिताने यमन वाजवला. मी मागे, काड्या मांडीवर. त्या अर्ध्या तासात मला एकही सूर वाजवायचा नव्हता. पहिली दहा मिनिटं जळले, लिहून ठेवते. माझी माणसं, माझं गाव, आणि माझी भावजय डोळे मिटून दुसरीची बासरी ऐकत होती. नंतर जळणं कमी झालं असं नाही, पण ऐकणं वाढलं. दोन्ही एकाच चुलीवर होऊ शकतं हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं.

एके ठिकाणी ती अडखळली. तीव्र मध्यमावरून पंचमावर येताना. मध्यमाला सगळी भोकं उघडी, पंचमाला सगळी बंद, सहा बोटं एकदम पडायला हवीत. एक बोट मागे राहिलं. केसाच्या जाडीएवढं. आत कुठेतरी मला बरं वाटलं, तेही लिहून ठेवते. लोकांना काहीच कळलं नाही. आधी शांतता पडली, मग टाळ्या.

नंतर मी वाट्या पुसून तुसात रचत होते. ती समोर येऊन उभी राहिली. गेल्या रविवारपासून माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. नमस्कार केला नाही, हसली नाही.

"द्रुत सुरू व्हायच्या आधी काही झालं का?" तिने विचारलं. "मास्तर म्हणतात काही नाही. सगळे म्हणतात सुंदर."

मी म्हटलं, "मध्यमावरून पंचमाला येताना तुझा बोट ऱ्हायला."

तिने श्वास सोडला. कितीतरी दिवस धरून ठेवल्यासारखा. "मला वाटलंच. कुठलं?"

"तळाचा. तू तिथं सरळ उडी मारतेस. वर धैवताला जा, आणि धैवतावरनं पंचमाला ये. यमनला चालतं, आणि बोटांना वेळ मिळतो."

तिने उभ्या उभ्याच बासरी तोंडाला लावली. मध्यम, धैवत, पंचम. परत एकदा. परत. तिसऱ्यांदा पंचम आला तेव्हा सरळ उभा राहिला.

"असा?"

"असा."

तिने मान हलवली. हे टोपली उचलायला आले तर तिने बासरी काखेत मारली आणि टोपलीची दुसरी बाजू धरली. आम्ही तिघं हॉलच्या पायऱ्या उतरलो. ती अजूनही माझ्यावर रागावलेलीच आहे. पुढच्या रविवारी पेणला येते म्हणाली, द्रुताचं आणखी दोन ठिकाणी विचारायचंय. दुपारी ये म्हटलं. जेवायलाच ये म्हणणार होते, पण राहिलं. एकदम सगळं नको.